बैल विकायला निघालेला तेली

नदीकाठच्या एका गावात लिंबाजी नावाचा तेली राहत होता. त्याच्या घाण्याचं करडईचं तेल पंचक्रोशीत नावाजलेलं. घाणा ओढायला हौशा नावाचा पांढरा बैल होता. डोळ्यांना झापडं बांधून हौशा पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत घाण्याभोवती फिरायचा, आणि घाण्याच्या आडव्या लाकडावर वजन म्हणून लिंबाजी बसायचा. बैल जाईल तिकडे लिंबाजी. आणि बैल तरी जाणार कुठे? त्याच रिंगणात!

वर्षानुवर्षं असं बसून लिंबाजीचे गुडघे आखडले. पोट सुटलं, पण भूक मेली. रात्री झोप येईना आणि दिवसा कोणाशी धड बोलवेना. गिऱ्हाइकानं "जरा माप भरून द्या" म्हटलं, तरी हा अंगावर धावून जायचा. त्याची बायको सगुणा ताट पुढे ठेवायची आणि मुकाट्यानं आत निघून जायची. माणूस मुळात वाईट नव्हता हो. पण दुखरं अंग आणि शिणलेलं डोकं एकत्र नांदायला लागलं, की चांगुलपणाला घरात जागा उरत नाही.

एका वर्षी दिवाळी तोंडावर आली आणि हौशानं खाणं टाकलं. पेंडीला तोंड लावेना. घाण्याला जुंपलं की दोन फेरे मारून उभा राही. लिंबाजीनं त्याला चुचकारलं, मग शिव्या दिल्या, मग काठी उचलली. बैल जागचा हलला नाही.

सगुणा भीत भीत म्हणाली, "अहो, एका जागी कंटाळलाय तो. चार दिवस मोकळं चालवून आणा त्याला."

"मोकळं चालवून आणू?" लिंबाजी कडाडला. "दिवसभर दुसरं काय करतो तो? याच्याइतकं गावात कोण चालतं?"

त्यानं ठरवून टाकलं. बैल पायांवर उभा आहे तोवर बाजारात विकायचा आणि दुसरा आणायचा. गुरांचा बाजार तीन-चार मुक्कामांवर होता. सगुणानं हौशाला वासराचा बैल होईपर्यंत हातानं चारलं होतं. तिचे डोळे भरून आले. भाकरी बांधून देताना ती एवढंच म्हणाली, "आजारी जीव आहे. त्याला दामटू नका. तो चालेल तसं चाला."

झापडं सोडली आणि दोघं निघाले. वेशीबाहेर हौशा उजेडाकडे बघत कितीतरी वेळ उभाच राहिला. मग एकेक पाऊल टाकू लागला. लिंबाजीचा जीव नुसता वरखाली होत होता. त्यानं काठी वर केली, पण मनात आलं, हा वाटेतच बसला तर? काठी खाली आली. बैल हिरवळ दिसली की थांबायचा, लिंबाजीही थांबायचा. करायला काही नव्हतं, म्हणून तो इकडे-तिकडे पाहू लागला. ज्वारी निसवली होती. कणसांवर पाखरं उतरत होती. बांधावरून कोणी तरी "राम राम, पाव्हणं!" म्हणालं, आणि लिंबाजीच्या तोंडून चक्क गोड उत्तर गेलं.

दुपारी त्याला कडकडून भूक लागली. शिळी भाकरी आणि कांदा त्यानं मिटक्या मारत खाल्ला. रात्री एका देवळाच्या ओट्यावर पडला, तो उजाडल्यावरच उठला. गुडघे सकाळी कुरकुरले, पण थोडं चालल्यावर गप्प बसले. हौशानंही वाटेत कोणाचा तरी कडबा पळवला. मालक ओरडला आणि लिंबाजी हसला!

चालता चालता तो बैलाशी बोलू लागला. आधी वाटेबद्दल, मग घराबद्दल. सगुणाशी आपण हसून शेवटचं कधी बोललो, हे त्याला काही केल्या आठवेना. त्याला फार वाईट वाटलं. भर रस्त्यात त्यानं उपरण्यानं डोळे पुसले. बैल शेजारी शांतपणे चालत राहिला.

बाजारात हौशा उभा राहिला आणि गिऱ्हाइकं जमली. कान ताठ, नजर तरतरीत. एका शेतकऱ्यानं त्याचे दात पाहिले, चालवून पाहिलं. मग बाजाराच्या रीतीप्रमाणे लिंबाजीचा हात धरून वर उपरणं टाकलं. भाव आता बोटं दाबून ठरायचा. त्याआधी त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला. "पाव्हणं, इमानानं सांगा, बैलात खोड काय?"

"काही नाही" म्हणणं सोपं होतं. बैल घाण्याला चालत नाही, असंही सांगता आलं असतं. लिंबाजीनं मान वळवून पाहिलं. हौशा त्याच्या खांद्याला तोंड लावून उभा होता.

"बैलात खोड नाही, दादा," तो म्हणाला. "खोड माझ्यात आहे. मी याला जन्मभर रिंगणात चालवलं, आणि मी तर तेवढंही चाललो नाही." त्यानं उपरण्याखालून हात काढून घेतला.

शेतकरी चिडला. "मग एवढ्या लांब आलात कशाला?"

"चालत आलो, म्हणून तर कळलं," लिंबाजी म्हणाला, आणि हौशाचा कासरा धरून परत फिरला. जाताना घाई केली नव्हती, येतानाही केली नाही.

सगुणा दारात होती. दोघांनाही येताना पाहून ती धावत पुढे आली आणि तिनं हौशाच्या मानेला मिठी मारली. लिंबाजी हसून म्हणाला, "सगुणा, पोटात कावळे ओरडताहेत. आधी वाढ. आणि उन्हं कलली की तूही चल. आपण तिघं नदीपर्यंत जाऊन येऊ."

तात्पर्य: कामात पाय कितीही झिजले तरी त्याला फिरणं म्हणत नाहीत. रोज थोडा वेळ, घाई न करता, चहूकडे बघत चालावं. त्यानं अंग मोकळं होतं, आणि मोकळ्या मनाला आपली माणसं पुन्हा दिसू लागतात.