निवट्याने घातलेला बांध

आमच्या खाडीवरच्या बांधाबद्दल बोलायचं नाही, असं आत्याने बजावलंय. म्हणून फार पूर्वीचंच सांगते.

तिवरांच्या चिखलात उड्या मारणारा निवटा मासा राहायचा. शेजारची खेकडी, चिंबोरी मावशी, गळलेली पानं रोज चिखलात पुरायची. त्या चिखलाच्या वासाची निवट्याला लाज वाटायची.

“मावशी, आता चिखल वाळवतोच,” म्हणत त्याने भरतीच्या वाटेवर बांध घातला.

“अरे शहाण्या, ओल आहे म्हणून पानांची गरम वाफ आत दबून आहे!”

चिखल भेगाळला, शेकडो वर्षांची वाफ बाहेर पडली, आणि बिळातली निवट्याची अंडी तापू लागली. त्याने घाईघाईने बांध फोडला. पाणी आलं, अंडी वाचली.

“मावशी, गेलेली वाफ परत कधी दबेल?”

चिंबोरीने त्याच्यापुढे एक पान सरकवलं. “रोज असं एकेक पुरलंस, तर तुझ्या नातवंडांच्या नातवंडांना—”

आले गं, आत्या!