नव्या गाडीचा नारळ

आयुष्यातली पहिली गाडी न्यायला निवृत्त हातवळणे आले, तेव्हा शोरूमचे मालक रणदिवेसाहेब स्वतः पूजेला उभे राहिले. फोटोसाठी त्यांनी नारळ इतक्या आवेशाने आपटला, की करवंटीचा तुकडा उडून गाडीच्या पुढच्या काचेला तडा गेला.

"शुभशकुन, काका! तुमच्यावरचं अरिष्ट काचेवर गेलं," साहेब म्हणाले. "नव्या काचेचे अठरा हजार तेवढे भरा."

जन्मभर साहेबलोकांपुढे मान डोलावून थकलेल्या हातवळण्यांना वाद नको होता. सुस्कारा सोडून त्यांनी ताटातला दुसरा नारळ उचलला आणि ते साहेबांच्या विलायती गाडीकडे निघाले.

"अहो काका, हे काय?"

"तुमच्यावरचंही घालवतो. काचेचे तेवढे तुम्ही भरा."

संध्याकाळी हातवळण्यांची गाडी फुकटात नवी काच लावून घरी गेली. हातवळण्यांच्या हातातला नारळ मात्र साहेबांनी आधीच काढून घेतला होता.