नरसय्याशेठची नवी सिस्टिम आणि तीन अटी

“शिकायचं, पण कामाच्या वेळेत नाही! आणि सुट्टीच्या दिवशी तर मुळीच नाही!”

नरसय्याशेठने टेबलावर हात आपटला, आणि चादरींच्या कारखान्याचं अख्खं ऑफिस दचकलं.

सोलापुरातल्या या शेठला एकदा हट्ट चढला, की तो उतरवणं त्याच्या बायकोलाही जमत नसे. ऑफिसातले जुने कॉम्प्युटर थकले होते, म्हणून त्याने वेगळ्याच सिस्टिमचे नवे कॉम्प्युटर मागवले. खोकी येऊन कोपऱ्यात पडली. आता ते कॉम्प्युटर चालवायला माणसांना शिकवायचं कधी? कामाच्या वेळेत शिकवावं, तर ऑर्डरी अडतात. सुट्टीत बोलवावं, तर शेठच्या वडिलांनी मरताना बजावलेलं, की कामगाराची सुट्टी खायची नाही. झाली ना पंचाईत!

“आणि तिसरी अट ऐका!” शेठ गरजला. “या सिस्टिमबरोबर घ्यायची टूल्स, म्हणजे वेगवेगळ्या कामांचे प्रोग्रॅम! तो विक्रेता पंचवीस-तीस नावं सांगतोय. त्यातली लागतील तेवढीच घ्यायची. एक कमी नको, एक जास्त नको. आणि त्याला विचारायचं नाही, तो सगळीच गळ्यात मारेल! दिवाळीच्या आत हे जमलं तर ठीक. नाहीतर पुण्याहून शिकलेली माणसं आणतो, आणि तुम्ही सगळे घरी!”

कारकुनांचे चेहरे पडले. कुणाची मुलं शाळेत, कुणाच्या घराचं बांधकाम अर्धवट. बोलणार कोण? बोलली ती फोनवर ऑर्डरी घेणारी सुगुणा. हिच्या जिभेला धार होती, आणि भीती तिला फारशी माहीत नव्हती.

“शेठ, कामाचाही नाही आणि सुट्टीचाही नाही, असा दिवस सापडला तर?”

“असा दिवस असतोय का कुठं?”

“असला तर?”

“तर तू म्हणशील तसं! नरसय्याचा शब्द आहे!”

शेठ गेल्यावर त्याचा मेव्हणा अंबादास, म्हणजे ऑफिसचा मॅनेजर, तिच्यावर खेकसला. “गप बसायचं की! तुझ्यापायी आमचीपण नोकरी जाईल!”

“साहेब, गप बसलं तरी जाणारच आहे. मग बोलून तरी घालवू!”

नवरात्र आलं आणि खंडेनवमी उजाडली. या दिवशी कारखान्यात माग बंद. सगळ्यांनी धुवट कपड्यांत यायचं, हजेरी लावायची, अवजारांची पूजा करायची आणि आरतीपर्यंत गप्पा हाणत बसायचं. मागांना हार पडले, तसे ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरांनाही पडले. सुगुणाने त्यांचे पडदे तेवढे चालू ठेवले आणि कुंकवाचा करंडा सगळ्यांपुढे फिरवला.

“यांनी आपल्याला जेवू घातलंय. यांच्यातलं ज्याला जे खरोखर लागतं, त्याच्या चित्राला पडद्यावर कुंकवाचं बोट लावा. लागत नसेल तर लावू नका. देवासमोर खोटं नको!”

मग तिने नवी खोकी फोडली. विक्रेत्याकडून सिस्टिम शिकवायला यायच्या बाईंना तिने आजचंच बोलावलं होतं. माणसं नव्या कॉम्प्युटरपुढे बसतात न बसतात, तोच हातात नारळ घेऊन शेठ दारात हजर!

“थांबा! हे काय चाललंय?”

“शेठ, आज काम चालू आहे का?” सुगुणाने विचारलं.

“छे! आज कुठलं काम!”

“मग सुट्टी आहे?”

“सुट्टी कशी? सगळ्यांची हजेरी लागलीय की!”

बोलून गेला, आणि शेठने जीभ चावली.

“म्हणजे दिवस सापडला!” सुगुणा म्हणाली.

“अगं, पण आज अवजाराला हात लावत नाहीत!”

“अवजार म्हणायचं कशाला, शेठ? ज्यानं काम केलं त्याला. ही आल्यापासून नुसती खोक्यात झोपलीत. एका चादरीचं तरी बिल केलंय का यांनी? यांची पूजा पुढच्या वर्षी, कमावल्यावर!”

ऑफिस फिदीफिदी हसलं. शेठने मिशीवरून हात फिरवला आणि मुकाट्याने खुर्ची ओढली. संध्याकाळपर्यंत जो तो नव्या कॉम्प्युटरवर लुटुपुटीच्या ऑर्डरी घेऊन बिलं काढू लागला.

आरती झाली, तरी शेठचा हट्ट पुरता उतरला नव्हता. “आणि टूल्सचं काय?”

“जुने पडदे बघा. कुंकू आहे तेवढीच घ्यायची.”

शेठ एकेका पडद्यापुढे वाकला. बिलाच्या चित्राला कुंकू, लेबल छापायच्या चित्राला कुंकू. “हे कसलं?”

“ऑर्डरींची नक्कल जपून ठेवतं ते. त्याला मी लावलं. उन्हाळ्यात मशीन बंद पडली, तेव्हा तुमच्या ऑर्डरी यानंच परत दिल्या की!”

“बरं, बरं!” शेठ पुढे सरकला, आणि शेवटच्या पडद्यापुढे आनंदाने ओरडलाच. “पत्त्यांचा डाव! पत्त्यांच्या डावाला कुंकू! कुणी लावलं हे?”

सगळ्यांनी अंबादासकडे पाहिलं. अंबादासने छताकडे पाहिलं.

“सापडलीस सुगुणा! एक टूल जास्त! अट मोडली!”

सुगुणा मात्र हलली नाही.

“जास्त कसलं, शेठ? सगळ्यात गरजेचं तेच! तो डाव काढून घेतला, तर अंबादाससाहेब दिवसभर आमच्या कामात डोकं घालतील. मग या कारखान्यातून एक चादर बाहेर पडायची नाही!”

नरसय्याशेठ असा हसला, की हातातलं आरतीचं ताट हिंदकळलं आणि डोळ्यांतून पाणी आलं. “घ्या! डावसुद्धा घ्या! आणि पुण्याची माणसं पुण्यातच राहू द्या!”

दुसऱ्या दिवशी दसरा. सगळ्यांनी एकमेकांना आपट्याची पानं दिली. शेठने सुगुणाच्या हातावर पान ठेवलं, तेव्हा पानावर खऱ्या सोन्याची अंगठी होती.