दुर्गीची वाट

पाहुणे, बांधावरचा हा वड पाहिलात? नागपंचमीला याला झोका बांधतात. पण आमच्या गावात पोरीने आपल्याच आळीतल्या पोरीबरोबर झोका खेळायचा नाही. जोडीदारीण दुसऱ्या आळीची हवी. ही रीत गोजराक्काने घातली, असं सांगतात.

गोजरा पाटलांची लेक, आईविना वाढलेली. ती तेरा-चौदा वर्षांची असताना हे समोरचं तळं खोदायला वडारांची पालं माळावर उतरली. त्यांच्यातली दुर्गी तिच्याच वयाची, तोंडावर देवीचे व्रण, डोक्यावर दगडांची पाटी. खोदकामावर देखरेख करणाऱ्या बापाची भाकरी घेऊन आलेल्या गोजराच्या पायात एकदा दगडाची कपची घुसली, ती दुर्गीने दातांनी ओढून काढली म्हणे. रडू लपवायला गोजराने विचारलं, "पाण्याला तुमच्यात काय म्हणतात?"

"नीळ्ळू."

मग रोज एक शब्द इकडून, एक तिकडून. दोघींची गट्टी जमली.

पंचमीला दोघी झोक्यावर समोरासमोर उभ्या राहिल्या. बायकांनी गलका केला. पाटलांनी झोका धरून दुर्गीला खाली उतरवलं. "पुन्हा इथं दिसू नकोस." गोजरा मान खाली घालून उभी राहिली.

श्रावण सरताना गावात देवीची साथ आली. गोजरा तापाने फणफणली. घरातलं कोणी जवळ जाईना, तेव्हा दुर्गी आपणहून दारात आली. "मला देवी येऊन गेल्यात," म्हणाली. पाटलांनी बाजूला सरून वाट दिली. ग्लानीत गोजरा 'नीळ्ळू, नीळ्ळू' करायची, ते घरात दुर्गीलाच कळायचं.

इकडे गावाने ठरवलं, साथ पालांनीच आणली. लोक काठ्या घेऊन निघाले. दुर्गीला गोजराच्या उशापासून ओढून नेलं, पालं उधळली. पाटलांनी एक शब्द टाकला असता तर लोक थांबले असते. ते ओसरीवर गप्प बसून राहिले.

गोजरा वाचली. भिंत धरून उठली आणि माळावर गेली. तिथे विझलेल्या चुली होत्या, पावसाने राख वाहून गेलेली.

पुढच्या पंचमीला पोरी बोलवायला आल्या. "तिला उतरवलं तेव्हा मी तिचा हात धरला नाही," गोजरा म्हणाली. "आता ती समोर उभी राहील तेव्हाच मी चढेन." व्रणांमुळे तिची सोयरीक मोडली, ती माहेरीच राहिली. दर पंचमीला ती वडाखाली दोर हातात घेऊन बसायची. येईल त्या पोरीला विचारायची, "जोडीदारीण कुठल्या आळीची?" एकाच आळीच्या असल्या तर दोर द्यायची नाही. पाटील बघत उभे असत. त्यांनी लेकीला कधी अडवलं नाही. केस पांढरे होऊन ती गेली, झोक्यावर चढली नाही.

आजही रस्त्याच्या कामाला दगडफोडे लोक आले, की आमच्या बायाबापड्या आधी पाण्याची कळशी नेऊन ठेवतात आणि मग हळूच विचारतात, "तुमच्या घराण्यात दुर्गी नावाची कोणी होती का हो?"