थोरली मौजनगरी आणि चांगुणाचं शेपूट

एक रान होतं. रानात नदी होती, नदीला पाणी होतं आणि पाण्यावर पहारा होता. त्या रानात सिंह नव्हता, म्हणून दर पाच वर्षांनी निवडणूक घ्यावी लागे. निवडणुकीला बिबट्या उभा राही आणि बाकीचे बसून राहत. त्यामुळे निकाल शांततेत लागे.

या रानात मौजवाडी नावाची एक बाग होती. कुणाच्या तरी आज्या-पणज्यांनी ती हौसेने उभी केली होती. काळ्या कातळाची घसरगुंडी, वडाच्या पारंब्यांचे झोके, चिखलाचं कुंड, हाक मारली की दुप्पट जोराने परत फेकणारी घळ, असे अकरा खेळ तिथे होते. मधोमध एक लाकडी पाळणा होता आणि तुळाजी नावाचं म्हातारं अस्वल तो खांद्याने ढकलून फिरवी. मौजवाडीचा नियम एकच होता. आत कुणी कुणाला खायचं नाही. ससा आणि लांडगा एकाच रांगेत उभे राहत आणि लांडगा पुढे घुसला तर ससा त्याला बेधडक "मागे हो" म्हणे. बाहेर पडल्यावर मात्र ससा जरा भरभर चाले.

चांगुणा ही त्या रानाची मोजणीदार. जातीने घोरपड. रानातलं लांबीचं माप म्हणजे चांगुणाचं शेपूट. तिच्याआधी तिच्या आईचं होतं. चांगुणा जमिनीवर सरळ पडे, शेपटाच्या टोकाशी नखाने रेघ ओढे आणि पुढे सरके. कुणाचं बीळ कुठे संपतं, पाणवठ्यावर कुणाला किती काठ, हे सगळं याच शेपटाने ठरे. तिच्या मोजणीवर भांडण झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मौजवाडीही तिनेच मोजली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत चारशे शेपटं.

निवडणूक जवळ आली तेव्हा रानप्रमुख झुंजारराव बिबटे पाणवठ्यावरच्या शिळेवर चढले आणि गरजले, "माझ्या प्रिय भक्ष्य—" इथे सचिव खोकले. "माझ्या प्रिय वनबांधवांनो! मौजवाडी छोटी आहे. छोट्या बागेत छोटी मौज होते. छोट्या मौजेने रान छोटं होतं. मी तुम्हांला थोरली मौजनगरी देणार! पाचपट!"

"मौज पाचपट, विरोधक भुईसपाट!" रानकुत्र्यांनी घोषणा दिली. विरोधक म्हणून रानात एक साळिंदर होतं. ते त्या दिवसापासून मुरूम सपाट करायच्या कामावर लागलं.

थोरली मौजनगरी माळावर बांधायची ठरली. त्यासाठी दुष्काळासाठी राखलेलं मोहाच्या फुलांचं कोठार उघडण्यात आलं. फुलं बांधकामाला लागली. बांधकामाला म्हणजे नेमकी कशाला, ते कुणी विचारलं नाही. पण मौजमंत्री मुसंडे, जे जातीने रानडुक्कर होते, ते पुढे दोन महिने सरळ रेषेत चालू शकले नाहीत.

नगरी तयार झाली. उद्घाटनाआधी ती पाचपट असल्याचा दाखला हवा होता. दाखला मोजणीदाराने द्यायचा. चांगुणा माळावर गेली.

पहिलं प्रवेशद्वार ओलांडायला तिला चाळीस शेपटं लागली. त्यामागे दुसरं प्रवेशद्वार होतं, पहिल्याचं स्वागत करणारं. मग झुंजाररावांचे पुतळे लागले: बसलेले, उभे, झेप घेताना, झेप घेतल्यावर. मग रांगेसाठी राखलेली जागा. ती मौजवाडीहून मोठी होती. खेळ तीन होते. एक घसरगुंडी इतकी उंच होती की एक रानबकरी तेवढी वर पोचली होती, आणि ती अजून वरच होती. दुसरा खेळ उद्घाटनानंतर सुरू व्हायचा होता. तिसरा म्हणजे पहिल्या दोन खेळांची चित्रं.

चांगुणाने खेळांबद्दल काही लिहिलं नाही. ते तिचं काम नव्हतं. तिने तीन दिवस मोजलं आणि उंबराखालच्या कचेरीत जाऊन सांगितलं, "एक हजार शेपटं."

"पाहिजेत किती?" मुसंडेंनी विचारलं.

"दोन हजार, साहेब," सचिव शुभ्रकांत बगळे म्हणाले. ते एका पायावर उभे होते. दुसरा पाय ते निर्णयासाठी राखून ठेवत.

"पुन्हा मोजा, चांगुणाबाई."

तिने पुन्हा मोजलं. एक हजार.

"अजून एकदा. मनापासून."

तिसऱ्या खेपेला ती दमली होती. आकडा आला एक हजार एक. मुसंडेंचे डोळे चमकले. पण चांगुणा म्हणाली, "तो एक खरा नाही, साहेब. पुतळ्यांपाशी माझं शेपूट जरा आखडलं होतं."

शुभ्रकांतांनी दुसरा पाय जमिनीवर टेकवला.

"शेपूट आखडलं की जागा वाढते?"

"आकडा वाढतो. जागा आहे तेवढीच राहते."

"साहेब," शुभ्रकांत हळूच म्हणाले, "आपल्याला आकडाच हवा आहे."

मग त्यांनी चांगुणाला फार गोड शब्दांत समजावलं. शेपूट अर्धं दुमडून घ्यायचं आणि मोजायचं. दोन हजार आपोआप येतील.

"मग मौजवाडीही आठशे होईल," चांगुणा म्हणाली. "फरक होता तेवढाच राहील. अडीचपट."

"मौजवाडीची मोजणी झालेली आहे. इतिहासात ढवळाढवळ करणं आमच्या संस्कारात बसत नाही."

चांगुणाने शेपूट अंगाशी ओढून घेतलं. मग म्हणाली, "साहेब, याच शेपटाने मी सशांच्या बिळांची हद्द लावते. उद्या दुमडलेल्या शेपटाने कुणाचं अर्धं बीळ शेजाऱ्याकडे गेलं तर तो कुणाकडे जाईल?"

"आमच्याकडे येईल," मुसंडे म्हणाले. "आम्ही त्याला मौजनगरीत नेऊ."

"मला नाही जमायचं."

"चांगुणाबाई, दुमडायचं नसेल तर कापावं लागेल. हट्ट करू नका. पालीचं शेपूट कापलं तरी परत उगवतं."

"मी पाल नाही."

"हा तांत्रिक फरक आहे," शुभ्रकांत म्हणाले आणि त्यांनी पाय पुन्हा वर घेतला.

चांगुणा तिथून निघाली ती थेट मौजवाडीत गेली. तुळाजी पाळण्याला टेकून मध चाटत बसला होता. तिने सगळं सांगितलं.

"दुमड की गं," तुळाजी म्हणाला. "एवढंसं तर काम. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना, दादा."

"अगं, ते खरंच कापतील. आपल्याला काय त्यांची पद्धत माहीत नाही?"

"माहीत आहे."

"भीती नाही वाटत?"

"वाटते तर. पण दुमडायचीही वाटते. आईने मरताना मला बीळ दिलं नाही की अंडी उबवायची जागा दिली नाही. हे एवढं माप दिलं. आज पुतळ्यांसाठी दुमडलं की उद्या पाणवठ्यासाठी दुमडा म्हणतील. आणि मग मला सरळ पडताच यायचं नाही."

तुळाजीने मधाचं पोळं तिच्यापुढे सरकवलं. तिने चाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मौजवाडी भरलेली असताना चार रानकुत्रे आले. चांगुणाने त्यांना लांबूनच पाहिलं आणि घसरगुंडीच्या काळ्या कातळावर ती चढली. नखं रोवून तिने अंग कातळाला असं लावलं की दोघांमध्ये वारा जायला फट राहिली नाही. कुत्र्यांनी तिच्या कमरेला वेल बांधून ओढलं. ती हलली नाही. चौघांनी मिळून ओढलं. वेल तुटला आणि चौघे चिखलाच्या कुंडात पडले. लोकांना वाटलं, नवा खेळ आला. बघता बघता त्याची रांग लागली.

मुसंडे आले, मागोमाग शुभ्रकांत आले. शुभ्रकांतांनी कातळाभोवती एक फेरी मारली.

"तुम्ही उगाच तिला ओढताय," ते कुत्र्यांना म्हणाले. "आपल्याला चांगुणाबाईंचं काय काम? शेपूट तर या बाजूला आहे."

तुळाजीला ते ऐकू आलं. पण पाळणा तेव्हा फिरत होता. वर भेकरांची पाडसं होती, सशांची पिल्लं होती. खांदा काढला असता तर पाळणा उलटा सुटून पोरं खाली आपटली असती. तो तिथूनच ओरडला, "अरे, थांबा रे! मंत्रीसाहेब, आत कुणी कुणाला खायचं नाही! नियम आहे!"

"खातंय कोण?" मुसंडे म्हणाले. "ही धोरणात्मक कपात आहे."

आणि त्यांनी सुळा चालवला.

चांगुणा ओरडली नाही. ओरडायला तोंड उघडलं तर पकड सुटेल असं तिला वाटलं. तिने डोळे मिटले आणि कातळाला घट्ट धरून राहिली. रांगेतला लांडगा पुढे होऊन बघू लागला, तेव्हा त्याच्या पुढचा ससा त्याला "मागे हो" म्हणाला नाही. रांगच मोडून गेली. तुळाजीने पाळणा हळूहळू थांबवला, एकेक पोर उतरवलं आणि मगच तो धावला. तोपर्यंत अर्धं शेपूट केळीच्या पानात गुंडाळून कचेरीकडे रवाना झालं होतं.

त्या अर्ध्या शेपटाने माळ मोजण्यात आला. दोन हजार. दाखल्यावर चांगुणाची सही हवी होती. शेपटाचा ठसा उमटवून ती घेण्यात आली.

उद्घाटनाला झुंजारराव म्हणाले, "पाचपट म्हणालो होतो, पाचपट केली! काही जण म्हणतात आकडा खोटा आहे. माझं त्यांना उघड आव्हान आहे. त्यांनी आपलं शेपूट घेऊन पुढे यावं!"

कुणी आलं नाही. सगळे शेपटावर बसले होते.

नवं माप रानभर लागू झालं आणि आनंदीआनंद झाला. चार शेपटांचं बीळ आठ शेपटांचं झालं. "सरकारने बीळ दुप्पट केलं," ससे एकमेकांना सांगू लागले. एका सशिणीने नवऱ्याला विचारलं, "मग माझे पाय अजून बाहेर का राहतात?" नवरा म्हणाला, "तुझे पाय विरोधकांना सामील आहेत." नदीचा काठही दुप्पट झाला, म्हणून त्यातला निम्मा रानकुत्र्यांना देण्यात आला. निवडणूक झाली. झुंजारराव उभे राहिले, बाकीचे बसले.

राहता राहिली मौजवाडी. ती बंद करायचा हुकूम निघाला. पण कायद्याने बंद करायच्या जागेची आधी पडताळणी करावी लागे. नोंदीत लिहिलं होतं, चारशे जुनी शेपटं. जुनं शेपूट आता नव्हतं. नव्या मापाने मोजावं तर आठशे भरली असती आणि नगरी पाचपट राहिली नसती. शुभ्रकांत दोन दिवस एका पायावर उभे राहिले. शेवटी त्यांनी शेरा मारला: जी जागा मोजता येत नाही ती जागा नाही.

कुत्रे कुलूप घेऊन निघाले होते, त्यांना अर्ध्या वाटेतून परत बोलावण्यात आलं. नसलेल्या जागेला कुलूप लावलं तर ती आहे असा अर्थ झाला असता.

अशा रीतीने मौजवाडी सरकारदरबारी नाहीशी झाली आणि होती तिथेच राहिली. पाळणा फिरत राहिला. माळावरच्या नगरीत अधिकाऱ्यांची पोरं सक्तीने मौज करून येत आणि मग मळलेल्या वाटेने गुपचूप इकडे येत. कुठे होता विचारलं तर ती म्हणत, कुठेच नव्हतो. आणि ते कागदोपत्री खरं होतं.

चांगुणाची जखम भरली, पण तोल गेला तो गेलाच. कातळावर चढताना ती एका बाजूला कलंडे. एकदा अशीच घसरून ती चिखलात पडली आणि तशीच पडून राहिली. तुळाजी शेजारी येऊन बसला.

"रडायचं असेल तर रड," तो म्हणाला. "ही जागाच नाही. इथलं रडणं कुणी मोजणार नाही."

चांगुणा रडली. पुष्कळ वेळ रडली. तुळाजी म्हणाला, "मी त्या दिवशी पाळणा सोडला नाही गं."

"सोडला असतास तर मी तुझ्याशी बोलले नसते, दादा," ती म्हणाली आणि नाक पुसून उठली.

पुढे ससे तिच्याकडे येऊ लागले. आधी एक आला, मग दोन, मग भेकरं, मग घळीपलीकडचे तरस. बीळ दुप्पट झाल्याचा आनंद ओसरला होता आणि हद्दीवरून डोकी फुटत होती. चांगुणा त्यांच्याबरोबर जाई, जमिनीवर सरळ पडे आणि उरलेलं शेपूट दोनदा मांडे. दोनदा मांडलं की एक. वेळ दुप्पट लागे, पाठ दुखे, पण भांडण मिटे. याबद्दल कुणी कुठे बोलत नसे.

कचेरीतल्या शेपटाचं मात्र बरं चाललं होतं. दर वर्षी प्रगतीचा आकडा जाहीर करायच्या आधी मुसंडे त्याचा एक बोटभर तुकडा कमी करत. रान वाढतच गेलं. तिसऱ्या वर्षी ते आजूबाजूच्या सगळ्या रानांपेक्षा मोठं असल्याचं जाहीर झालं, तेव्हा त्या रानांचे राजे चकित झाले आणि त्यांनी आपापली शिष्टमंडळं पाठवली.

मौजनगरी त्यांच्यातल्या कुणीच पाहिली नाही. सगळे थेट कचेरीत जाऊन मोजणी शिकून परत गेले.