डावीकडची सीट

"गाडी आणि ब्रेक, दोन्ही एकाच कंपनीचे. मापं जुळली, भोकं जुळली, नळ्या जुळल्या. मग अडलंय कुठं, चाचा?"

केतकी मगदूम हे तिसऱ्यांदा विचारत होती.

इलाही मिस्त्री पुढच्या चाकाशी उकिडवे बसले होते. चाक काढून भिंतीला टेकवलेलं. ते नव्या ब्रेकच्या डिस्ककडे बघत होते. डिस्क जेवणाच्या ताटाएवढी होती.

त्यांनी डिस्कच्या कडेवरून अंगठा फिरवला.

शुक्रवारची दुपार. मिस्त्री नुकतेच नमाजहून आले होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या त्या गॅरेजचा पत्रा एप्रिलच्या उन्हानं तापून मधूनच टण्ण वाजत होता.

गाडी सत्त्याण्णव सालची. छोटी, लाल, कंपनीनं खास पळण्यासाठी काढलेली. केतकीच्या वडिलांनी, सुकुमार मगदूम ऊर्फ अण्णांनी, ती घाटातल्या शर्यतींत बारा वर्षं पळवली होती. परवा, रविवारी, ते ती पुन्हा पळवणार होते. वय त्रेसष्ट.

केतकी मेकॅनिकल इंजिनिअर. अकरा दिवस खपून तिनं या गाडीला त्याच कंपनीच्या नव्या मॉडेलचे ब्रेक बसवले होते. डिस्क, तिला चिमटीत धरणारा कॅलिपर, आणि पेडलला जोर देणारा बूस्टर. सगळं अस्सल, कंपनीच्या सीलबंद खोक्यातलं. अकरा दिवस ती नीट झोपली नव्हती. नखांतलं ऑइल आता साबणानंही निघत नव्हतं.

वडिलांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. इतके दिवस गाडी शिरोलीला मैत्रिणीच्या शेडमध्ये होती. रंगाचं काम चाललंय, असं त्यांना सांगितलेलं.

पण त्यांची एक अट होती. घाटावर नेण्याआधी गाडीवर इलाहीचा हात फिरला पाहिजे. ती अट केतकीच्या जन्माइतकी जुनी होती.

"तुम्ही काही करायचंच नाहीये," केतकी म्हणाली. "अण्णांचा फोन आला की 'बघितली गाडी' म्हणा. दोन शब्द. ब्रेकचं बोलू नका, बस्स."

"नट कुणी आवळलेत?"

"मी. टॉर्क रेंचनं, जोर मोजून. प्रत्येक नटाचा आकडा लिहून ठेवलाय."

"बरं."

मिस्त्री उठले. उठताना एक हात गुडघ्यावर, दुसरा मडगार्डवर.

नट कुणी आवळला, हे ते सगळ्यांनाच विचारत. त्यांच्या गॅरेजचा एक नियम होता. ज्यानं नट आवळला, त्यानं पहिल्या फेरीला गाडीत डावीकडे बसायचं. चालवायचं नाही. बसायचं. तिथं ना स्टिअरिंग, ना पेडल. आजूबाजूच्या गॅरेजवाले या नियमाला हसायचे, आणि पाळायचेही.

केतकी फक्त हसायची.

"पेटी सरकव जरा. पायात येतीय."

हत्यारांची लोखंडी पेटी वाटेतच होती. केतकीनं ती दोन्ही हातांनी उचलली, पोटाशी धरली, चार पावलं नेली आणि दाणकन आदळली.

"काय भरलंय यात?"

"सगळं."

मिस्त्रींनी थर्मासमधला चहा दोन स्टीलच्या पेल्यांत ओतला. म्हातारी माणसं बोलायच्या आधी चहा घेतात. चहा घेतल्यावरही बोलत नाहीत. केतकीचा पेला दोन घोटांत रिकामा झाला. मिस्त्री अजून फुंकर घालत होते.

तिनं खिशातून कागद काढला.

"हे बघा. ऐंशीचा वेग. जुन्या ब्रेकवर थांबायला अडतीस मीटर लागत होते. आता एकतीस. सात मीटर वाचले, चाचा. जवळजवळ दोन गाड्यांची जागा."

"कुणी थांबवली?"

"मी."

"किती खेपा?"

"पंचेचाळीस. त्यातल्या चाळीस धरल्यात."

"पयल्या पाच कुठं गेल्या?"

"पहिल्या पाच धरायच्या नसतात. आकडे स्थिर व्हायला वेळ लागतो."

"गाडीचे?"

"मग आणखी कुणाचे?"

मिस्त्रींनी चहाचा घोट घेतला…

"तुमच्या वेळी कार्बोरेटरला कान लावून गाडी जुळवायचे," केतकी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "आता कान लावावा लागत नाही. मीटर असतात. कळतंय का?"

"बरं झालं. मला आता कमीच ऐकू येतंय."

"विषय बदलू नका."

"न्हाई बदलत. ब्रेक का बदललेस?"

"जुने कमी पडतात."

"कुणाला?"

"गाडीला!"

"गाडी म्हणाली?"

"चाचा, कोडी घालू नका. माझ्यात ताकद नाही आता."

"माझ्यात तरी कुठं हाय…"

 पत्रा वाजला. शेजारच्या लेथचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

"कुणाला कमी पडतात?" मिस्त्रींनी पुन्हा विचारलं. त्यांचा आवाज तितकाच होता, ना जास्त ना कमी.

केतकीनं कागदाची घडी घातली. ती उघडली. पुन्हा घातली.

"मार्चमध्ये अण्णा सरावाला गेले होते. तिसऱ्या वळणावर गाडी बाहेर गेली. कठड्याला घासली. घरी येऊन म्हणाले, ब्रेक धरला नाही."

"मला बी तसंच म्हणाला."

"दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन गेले. टायरच्या खुणा मोजल्या. ब्रेक चांगला धरला होता, चाचा. खुणा काळ्याभोर होत्या. फक्त… नऊ मीटर उशिरा सुरू झाल्या होत्या."

मिस्त्रींनी पेला खाली ठेवला.

"मग?"

"मग काय? सात मीटर काढून दिले मी."

"आणि दोन?"

"दोन मीटर रस्त्याच्या कडेपासून कठड्यापर्यंत मोकळे आहेत. तेही मोजलेत."

"अण्णाला सांगितलंस?"

"काय सांगू?" केतकी उसळली. "अण्णा, तुमचा पाय उशिरा पोचतो? दुकान दादाकडे गेलं. आई गेली. उरलीय ती ही एक गाडी. मी हे बोलले तर ते रविवारी बसतील गाडीत? नाही बसणार. परत कधीच नाही बसणार. आणि माझ्याशी बोलणारही नाहीत. तुम्ही सगळे असेच. तुम्हाला सांगायला गेलं की अपमान होतो, आणि नाही सांगितलं की आम्ही फसवतो."

"सगळे म्हणजे?"

"म्हातारे."

"हं."

"म्हणून गाडीला सुधारलं. गाडीला राग येत नाही."

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. तिच्याही.

"जा, तोंड धुऊन ये," ते म्हणाले.

"तोंड धुऊन काय होणार आहे?"

"घाम जाईल."

नळ गॅरेजच्या मागे होता. पाणी गरम होतं. केतकीनं तोंडावर चार हबके मारले आणि तशीच उभी राहिली. इतकी दमली होती की पाणी पुसायचंही सुचलं नाही. आत काहीतरी खणखणत होतं, पण गॅरेजमध्ये काहीतरी खणखणतच असतं.

ती परत आली. मिस्त्री पुन्हा चाकाशी बसले होते, तिच्याकडे पाठ करून.

"पेटी आण इकडं."

केतकी वाकली. दोन्ही हातांनी कड्या धरल्या. श्वास ओढला, पोट घट्ट केलं, आणि सगळा जोर लावून उचलली.

पेटी उडाली.

कोपरा हनुवटीवर बसला. ती मागे कोलमडली आणि भिंतीला टेकवलेल्या चाकावर जाऊन आदळली. पेटी हातातून सुटून फरशीवर घरंगळली. झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं.

पाने, हातोड्या, पकडी, सगळं गाडीच्या पलीकडे गोणपाटावर ओळीनं मांडून ठेवलेलं होतं.

"हा काय पोरखेळ आहे?" ती ओरडली. हनुवटीला हात लावला. बोटांना रक्त लागलं.

"लागलं?"

"लागलं काय! रिकामी केलीत तर सांगायचं ना!"

मिस्त्रींनी खांद्यावरचं फडकं तिला दिलं. त्याला ऑइलचा वास होता. तिनं ते हनुवटीला दाबून धरलं.



केतकी पेटीकडे बघत होती. मग गाडीच्या उघड्या दाराकडे. तिथून पेडल दिसत होतं. ब्रेकच्या पेडलवरचं रबर एका बाजूनं झिजून गुळगुळीत झालं होतं. ते तिनं बदललं नव्हतं. झिजलेली बाजू अण्णांच्या बुटाची होती.

"सांगायचं ना…" ती पुन्हा म्हणाली. या वेळी हळू.

पत्रा टण्ण वाजला.

"जुन्या सवयीनं पाय दाबला, पहिल्या पाच वेळा चाकं जाम झाली होती," तिनं खाली बघत सांगितलं. "दोनदा गाडी पूर्ण फिरली. मोकळ्या मैदानात होते म्हणून… नंतर पायाला अंदाज आला."

 मिस्त्री एकेक पाना फडक्याच्या टोकानं पुसून पेटीत ठेवत होते. केतकीनंही दोन पाने उचलले आणि ठेवले.

"तुमचा तो डाव्या सीटचा नियम," ती म्हणाली. "कुणी केला?"

"मी."

"कधी?"

"नव्व्याण्णवला."

तिचा हात थांबला. नव्व्याण्णव तिला माहीत होतं. घरातल्या सगळ्यांनाच माहीत होतं. त्या वर्षी गाडी घाटात उलटली होती. अण्णांचा उजवा खांदा तेव्हापासून वर जात नाही. शर्टाची बाही आधी उजव्या हातात घालतात ती म्हणूनच.

"तुम्ही गाडीत होता?"

"न्हाई. खाली व्हतो. चहाच्या गाड्यावर."

"मग…"

"नव्या गाडीचे ब्रेक आलेले. चांगले व्हते. मी आदल्या दिवशी बसीवले. अण्णाला बोललो न्हाई." मिस्त्रींनी एक मोठा पाना पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिले. "म्हटलं, वर जाऊन आला की खूश हुईल."

लेथ बंद झाला होता. आता बाहेरून एक रिक्षा गेल्याचा आवाज आला.

"अण्णा म्हणतात, त्या दिवशी वळणावर वाळू होती," केतकी म्हणाली.

"अण्णा तसंच म्हणतो."

"वाळू नव्हती?"

मिस्त्रींनी पाना पेटीत ठेवला…

 पेटी अर्धी भरली. केतकीनं फडकं हनुवटीवरून काढून पाहिलं. रक्त थांबलं होतं.

"म्हणजे जुनेच परत लावायचे," ती म्हणाली. सगळी हवा गेल्यासारखा आवाज. "अकरा दिवस गेले."

"कशाला? काम चांगलं झालंय."

ती चमकून बघायला लागली. मिस्त्रींच्या तोंडून हे शब्द आजवर कुणी ऐकल्याचं तिला आठवत नव्हतं.

"मग मी काय करू, चाचा? उद्या एक दिवस आहे. एका दिवसात त्यांच्या पायाला सवय होईल?"

"ठाऊक न्हाई."

"आणि सांगितल्यावर त्यांनी गाडीच नको म्हटलं तर?"

"म्हणंल बी."

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"लई वाटतंय, पोरी."

बॉनेटवर ठेवलेला मिस्त्रींचा फोन थरथरायला लागला. थरथरत तो काचेच्या दिशेनं सरकत होता. दोघांनी पाहिलं. पडद्यावर नाव होतं, अण्णा.

मिस्त्रींनी फोन उचलला. कानाला लावला नाही.

"तुम्ही बोला," केतकी घाईनं म्हणाली. "प्लीज, चाचा. तुमच्यावर ते चिडणार नाहीत. ब्रेकचं सांगा. आणि… खुणांचंही सांगा. तुमचं ऐकतात ते. उद्या मैदानावर त्यांच्या शेजारी तुम्हीच बसा. मी बसले तर त्यांना…"

 फोन वाजतच होता.

मिस्त्रींनी तिचा ऑइलनं काळा झालेला हात धरला, उलटा केला आणि फोन तिच्या तळव्यावर ठेवला.

"नट तू आवळलेस."