शुक्रवारचा वारा

सोनगिरी संस्थानच्या दिवाणसाहेबांना कारभार सुधारण्याची भारी हौस. एके दिवशी त्यांनी कचेरीतल्या चाकरांसाठी लेखी हुकूम काढला, "हव्या त्या वेळी या, नाहीतर सात दिवसांचं काम चार दिवसांत उरकून तीन दिवस घरी बसा. काम मात्र रतीभर कमी पडलं, तर चाकरी गेली!"

छताचा पंखा दोरीनं ओढणारी तानूबाई विचारात पडली. हव्या त्या वेळी आलं आणि नेमकं तेव्हा साहेबांना उकडलं नाही, तर? तिनं आपले चार दिवस पत्करले.

सोमवारी तिनं पदर खोचून दोरी अशी काही ओढली, की दौत कलंडली, कागद खिडकीबाहेर गेले आणि साहेबांची पगडी थेट समोरच्या फिर्यादीच्या मांडीवर जाऊन बसली.

"अगं, थांब! हे काय चालवलंयस?"

"शुक्रवारचा वाराही आजच घालतेय, सरकार."

"आणि शुक्रवारी मला उकडलं म्हणजे?"

"असं कसं? मी सात दिवसांचा वारा चार दिवसांत घालतेय, तर तुम्हीही सात दिवसांचं उकडून घेणं चार दिवसांत उरका की!"

साहेबांनी हुकूम फाडायला हात घातला. पण तो कागद पहिल्याच झोताला खिडकीबाहेर गेला होता.